जड गाण्यांचा मिक्स भेट देताना

कॅसेटच्या काळात आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा गाणी भरून देणारी दुकाने होती. वहीच्या पानावर वीस गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट घरची असेल तर तेवढे पैसे वाचवायचे आणि चार दिवसांनी ती घेऊन यायची, असा तो सरळ व्यवहार होता. दुकानदार यादीच्या क्रमाने गाणी भरीत असे, बाजू संपत आली की शेवटचे गाणे अंतऱ्यातच तुटत असे, आणि त्याबद्दल कोणी फारशी तक्रारही करीत नसे. आज भेट म्हणून मिक्स, म्हणजे निवडक गाण्यांची क्रमाने लावलेली माळ, करायला बसणारा नवखा माणूस बहुतेक वेळा नकळत त्या दुकानदाराचेच काम करतो, म्हणजे आपल्याला आवडलेली वीस गाणी आठवतील तशी एकापुढे एक लावतो. हलक्याफुलक्या गाण्यांत ते खपून जाते. हेवी आल्टरनेटिव्ह, म्हणजे जड गिटारच्या रॉक संगीतात, खपत नाही, कारण या संगीताला न सरावलेला कान सलग तीन दणदणीत गाण्यांनंतर ऐकणेच थांबवतो आणि चौथे गाणे कितीही चांगले असले तरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

हा धडा मला माझ्या मामेभावाकडून मिळाला. तो कोल्हापूरला असतो, बरीच वर्षे तबला शिकला आहे आणि गाडी चालवताना गाणी ऐकतो. मी त्याला पहिल्यांदा १८ गाण्यांची सीडी करून दिली, ती काठोकाठ भरलेली होती आणि एकूण एक गाणे गर्जना करणारे होते. तिसऱ्या गाण्यात त्याने रंकाळ्याच्या कडेला गाडी थांबवली, सीडी बाहेर काढली आणि विचारले, ‘‘अरे, हे सगळं एकच गाणं आहे का?’’ त्यानंतर त्याच्यासाठीच केलेला नऊ गाण्यांचा दुसरा मिक्स त्याच्या गाडीत टिकला. पुढील पायऱ्या त्या दुसऱ्या मिक्सच्या आधाराने सांगतो.

पहिली पायरी : कान कोणाचा, हे ठरवणे

गाणी निवडण्याआधी तीन गोष्टींची माहिती काढावी. भेट घेणारा मिक्स कुठे ऐकणार आहे, एरवी काय ऐकतो, आणि सध्या त्याच्या घरी काय चालले आहे. गाडीत ऐकणाऱ्याला इंजिनाच्या आवाजात अगदी हळू सुरुवातीची गाणी ऐकूच येत नाहीत, तर हेडफोनवर ऐकणाऱ्याला त्याच गाण्यांचा सर्वांत जास्त आनंद मिळतो. भावगीतांवर वाढलेल्या माणसाला चाल लागते, म्हणून त्याच्यासाठी गायकाचा आवाज पुढे असलेली गाणी घ्यावीत. ताल शिकलेल्या माणसाला मात्र गायक ओरडला तरी चालते, खालचा हिशेब पक्का असला की तो रमतो.

तिसरा प्रश्न नवखे लोक विसरतात. या संगीतातली बरीच गाणी व्यसन, मृत्यू आणि एकटेपणा यांविषयी आहेत. ॲलिस इन चेन्स या सिएटलच्या बँडच्या ‘डर्ट’ या १९९२ च्या अल्बममध्ये अमली पदार्थांच्या व्यसनाचा विषय पुन्हा पुन्हा येतो, आणि त्या बँडचा गायक लेन स्टेली २००२ मध्ये त्याच व्यसनाने गेला. त्याच अल्बममधले ‘देम बोन्स’ हे गाणे मरणाविषयी आहे. ज्याच्या घरी नुकतेच काही घडून गेले आहे, त्याच्या हाती असे गाणे द्यायचे की नाही हे शब्द वाचून ठरवावे, केवळ गिटार आवडली म्हणून देऊ नये. शिव्यांचाही विचार करावा. रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचे १९९२ चे ‘किलिंग इन द नेम’ मला अतिशय प्रिय आहे, पण त्याचा शेवट एकाच शिवीच्या घोषणेवर होतो आणि मामेभावाच्या गाडीत मागच्या सीटवर मामी असतात, म्हणून ते गाणे मी मुकाट्याने वगळले.

दुसरी पायरी : माप

कोऱ्या सीडीवर ८० मिनिटांचे संगीत मावते आणि पेन ड्राइव्हवर तर कित्येक दिवसांचे मावेल, परंतु भांडे मोठे आहे म्हणून ते भरायचे नसते. नवख्याने नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू, म्हणजे ४५ मिनिटे, एवढे माप धरावे. जड संगीत एका बैठकीत साधारण तेवढेच अंगी लागते, असा माझा अनुभव आहे. शिवाय मर्यादा घट्ट असली की निवड करावीच लागते. एका बँडचे एकच गाणे घ्यायचे, हा दुसरा नियम मी पाळतो, कारण तो नसेल तर आपल्या लाडक्या बँडची चार गाणी आत शिरतात आणि मिक्सचे प्रचारपत्रक होते.

तिसरी पायरी : जडपणा ओळखणे

हेवी आल्टरनेटिव्ह हे काही काटेकोर सीमा असलेले घराणे नव्हे. १९८० च्या दशकात अमेरिकेत विद्यापीठांच्या विद्यार्थी रेडिओ केंद्रांवर वाजणाऱ्या, मोठ्या कंपन्यांच्या वाटेने न गेलेल्या रॉक संगीताला आल्टरनेटिव्ह हे नाव पडले. त्या संगीताला ब्लॅक सबाथसारख्या बँडच्या मंद, जड गिटारची जोड मिळाली, तेव्हा जे तयार झाले ते आपले सामान आहे. जडपणाचे मूळ शोधत मागे गेले तर बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यापाशी पोहोचता येते. तिथे काम करताना ब्लॅक सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचाच हात जायबंदी झाला. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारा दाबायला सोप्या जाव्यात म्हणून वाद्य खालच्या सुरात उतरवून घेतले. खाली उतरवलेली तार सैल होते आणि तिचा घुमारा वाढतो. या अडचणीतून निघालेला आवाज पुढच्या पिढ्यांनी आवडीने उचलला, आणि १९९० च्या सुमारास तर गिटारची सर्वांत जाड तार एक स्वर उतरवून वाजवणे ही नित्याची गोष्ट झाली.

मात्र उतरवलेली तार आणि वाढवलेला आवाज एवढ्यानेच गाणे जड होत नाही. अमेरिकेतल्या पिक्सीज या बँडने १९८८ च्या ‘सर्फर रोझा’ अल्बमच्या सुमारास कडवे अगदी दबक्या आवाजात आणि ध्रुवपद एकदम पूर्ण जोरात, अशी मांडणी रूढ केली, आणि आपण तीच उचलली हे निर्वाणा या बँडच्या कर्ट कोबेनने पुढे मोकळेपणाने सांगितले. जोर जाणवतो तो आधीच्या शांततेमुळे. म्हणून गाणी जमवताना प्रत्येक गाण्यापुढे दोनच नोंदी कराव्यात : ते सुरू कसे होते आणि संपते कसे. मधले गाणे आपल्याला आवडलेलेच असते, काम अडते ते टोकांशी.

चौथी पायरी : क्रम

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. माझ्या नऊ गाण्यांचा शेवटी ठरलेला क्रम असा होता : क्वीन्स ऑफ द स्टोन एज यांचे ‘नो वन नोज’, साउंडगार्डनचे ‘आउटशाइन्ड’, हेल्मेटचे ‘अनसंग’, डेफ्टोन्सचे ‘चेंज’, कायसचे ‘ग्रीन मशीन’, फेथ नो मोरचे ‘एपिक’, ॲलिस इन चेन्सचे ‘देम बोन्स’, स्मॅशिंग पम्पकिन्सचे ‘चेरब रॉक’ आणि टूलचे ‘शिझम’. एकूण वेळ सुमारे साडेएकेचाळीस मिनिटे होते. उरलेली साडेतीन मिनिटे दहाव्या गाण्याने भरण्याचा मोह फार झाला होता.

पहिले गाणे सर्वांत जड असू नये. ‘नो वन नोज’ हे २००२ चे गाणे कवायतीच्या ठेक्यावर झुलत चालते, त्यामुळे रॉक न ऐकणाऱ्याचेही बोट स्टिअरिंगवर चालू लागते. एकदा बोट चालू लागले की दुसऱ्या जागी जड गाणे ठेवता येते. ‘आउटशाइन्ड’ची मुख्य गिटार सात मात्रांच्या आवर्तनात फिरते, आणि मामेभावासाठी मी ते मुद्दाम तिथे ठेवले होते. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. ‘‘सात मात्रा आहेत की रे! पण रूपक तालात समेवर टाळी नसते, ‘खाली’ असते, आणि ही माणसं समेवरच एवढी आदळतात कशाला?’’ या तक्रारीचा मला अतोनात आनंद झाला, कारण तो आता मोजत होता. आपल्या ऐकणाऱ्याला ओळखीची अशी एक खूण पहिल्या दोन-तीन गाण्यांत ठेवलीच पाहिजे. तबलजीला मात्रा चालतात, गाणाऱ्याला चाल चालते, कवितेच्या माणसाला शब्द चालतात.

तिसऱ्या जागेवरचे ‘अनसंग’ हे कोरडे, तुटक आणि शिस्तीचे गाणे आहे. इथवर तीन गाणी झाली, आणि माझा पहिला मिक्स इथेच पडला होता. म्हणून चौथी जागा विसाव्याची ठेवावी. ‘चेंज’ हे २००० सालच्या ‘व्हाइट पोनी’ अल्बममधले गाणे संथ आहे, गायक जवळजवळ कुजबुजतो, आणि तरीही ते हलके नाही. विसावा म्हणजे एखादे गोड ध्वनिक (ॲकूस्टिक) गाणे घुसडणे, असा समज नवख्यांचा असतो, तो चुकीचा आहे. गोड गाण्याने साचलेला ताण निघून जातो आणि पुन्हा पहिल्यापासून बांधणी करावी लागते. वजन तेच ठेवून वेग आणि आवाज उतरवणारे गाणे इथे हवे.

सहाव्या आणि सातव्या गाण्यांचा सांधा जुळवायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली. १९८९ च्या ‘एपिक’मध्ये पाच मिनिटे गिटार आणि गायकाची झटापट चालते आणि अखेरीस सगळे बाजूला होऊन नुसता पियानो उरतो. ‘देम बोन्स’ला मात्र प्रस्तावनाच नाही. पहिल्याच क्षणी गिटार आणि आरोळी एकदम अंगावर येतात, आणि अडीच मिनिटांत गाणे संपतेही. पियानोचा शेवटचा सूर विरला रे विरला की आरोळी यावी, असे मी आधी जोडले होते. ऐकताना ती चूक वाटली, जणू कोणी मागून दचकवले. एक सेकंद शांतता ठेवली, तरी घाई वाटली. तीन सेकंद ठेवली तेव्हा ऐकणारा पुढच्या गाण्याची वाट पाहू लागेल आणि ताण सुटेल असे जाणवले. दोन सेकंदांवर ते बसले. गाडी चालवणाऱ्याला एवढा धक्का सोसतो की नाही हे मी आधी स्वतः मोकळ्या रस्त्यावर ऐकून पाहिले. ‘देम बोन्स’चाही हिशेब सातचाच आहे, पण दुपटीच्या घाईत, म्हणून ते ‘आउटशाइन्ड’पासून लांब ठेवले.

शेवटी लांब गाणे ठेवावे. ‘शिझम’ हे २००१ चे गाणे पावणेसात मिनिटांचे आहे, ते एकट्या बास गिटारच्या वळणदार वाक्यापासून सुरू होते आणि त्यात पाच आणि सात मात्रांचे तुकडे आळीपाळीने येतात. असे गाणे दुसऱ्या जागी ठेवले असते तर मामेभावाने ते पुढे ढकलले असते. तोवर अर्धा तास कान तयार झालेला असतो, म्हणून शेवटी ते पूर्ण ऐकले जाते.

पाचवी पायरी : आवाज सारखा करणे

ही पायरी गाळल्यास वरचे सारे कष्ट वाया जातात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या सीडी तुलनेने हळू आवाजात नोंदलेल्या असत, तर २००० च्या आसपास आणि नंतर निघालेल्या अनेक सीडींचा आवाज दाबून-ठासून वर नेलेला असतो. दोन्ही शेजारी लावल्या की जुने गाणे दुबळे वाटते आणि ऐकणाऱ्याचा हात सारखा आवाजाच्या बटणाकडे जातो. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ नावाची सोय आहे. तिच्यात प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे उणे १६ एलयूएफएस या एकाच पातळीवर आणावे. एलयूएफएस हे माणसाच्या कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचे माप आहे, शून्याच्या जितके जवळ तितके गाणे मोठे. जुनी गाणी वर खेचण्याऐवजी नवी खाली आणणे केव्हाही चांगले, कारण वर खेचताना शिखरे कापली जाऊन आवाज फाटतो, आणि मुळातच फाटक्या आवाजाच्या या संगीतात तो दोष नवख्याला लवकर ओळखू येत नाही. त्यानंतर मात्र यंत्रावर विसंबू नये. ‘चेंज’ मोजमापाने बाकीच्यांच्या बरोबरीला आले, तरी कुजबुज असल्यामुळे कानाला मोठे वाटू लागले, म्हणून मी ते हाताने आणखी थोडे उतरवले.

सहावी पायरी : कशावर द्यायचा

स्ट्रीमिंग ॲपवरची यादी पाठवणे सर्वांत सोपे आहे, आणि कलावंताला त्याचा वाटाही मिळतो. पण मोफत खात्यावर काही ॲप आपला क्रम पाळत नाहीत, मध्ये जाहिराती येतात, आणि एका गाण्यात दुसरे मिसळण्याची सोय समोरच्याने चालू ठेवली असेल तर आपले दोन सेकंद जागच्या जागी गिळले जातात. यादी पाठवायचीच असेल तर ही मिसळण्याची सोय त्याच्या फोनवर आधी बंद करून द्यावी.

पेन ड्राइव्ह द्यायचा असेल तर गाणी रीतसर विकत घ्यावीत. भारतीय प्रताधिकार कायद्यातली खासगी वापराची मुभा भेट दिलेल्या प्रतीलाही लागू होते असे गृहीत धरू नये. गाणी समोरच्याच्या नावाने घेऊन त्याच्याच प्रतींवरून मिक्स बांधणे अधिक सरळ पडते. लहान बँडचे अल्बम बँडकॅम्पवर थेट भेट म्हणून पाठवता येतात. ३२० केबीपीएसच्या एमपी३ फाइली केल्या तर एवढा मिक्स साधारण १०० एमबीत बसतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करावा, कारण गाड्यांमधले गाणी वाजवणारे बरेच जुने संच दुसरे काही वाचत नाहीत. फाइलींच्या नावांआधी ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक इंग्रजी आकड्यांत घालावेत, आणि सगळ्या फाइली एकदम न टाकता एकेक करून क्रमाने टाकाव्यात, कारण काही संच नावाकडे न पाहता ज्या क्रमाने फाइल लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात. गाण्यांची नावे हौसेने देवनागरीत घातली तर अशा संचाच्या पडद्यावर चौकटी उमटतात. हे मी केलेले आहे.

सीडी करायची असेल तर ‘डिस्क ॲट वन्स’ हा पर्याय निवडावा, नाहीतर काही सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्यामागे स्वतःची दोन सेकंदांची शांतता घालतात आणि आपल्या सांध्यांचा विचका होतो.

सातवी पायरी : सोबतचा कागद

कॅसेटच्या डबीतल्या कागदाएवढाच कागद घ्यावा, म्हणजे लिहिण्याचा मोह आटोक्यात राहतो. त्यावर गाण्याचे नाव, बँड आणि साल एवढे हवेच, आणि दोन-तीन गाण्यांपुढे एकेक ओळ. मी ‘आउटशाइन्ड’पुढे लिहिले होते की या बँडचा गिटारवादक किम थायिल याचे आईवडील केरळचे. ‘ग्रीन मशीन’पुढे लिहिले की कायस ही कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली मुले जनरेटर नेऊन उघड्यावर वाजवीत, आणि त्यांतला गिटारवादक जॉश होमी हाच पहिल्या गाण्याचा गायक आहे. ही ओळ वाचून मामेभावाने पहिले गाणे पुन्हा लावले. गाण्याचा अर्थ, समीक्षकांची मते आणि आपल्या कॉलेजच्या आठवणी यांना या कागदावर जागा नाही.

मुंबईच्या ‘भयानक मौत’चे एखादे गाणे घालावे, असे मला शेवटपर्यंत वाटत होते, कारण ते नाव आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पण त्यांचे संगीत डेथ मेटलच्या अंगाचे आहे आणि या नऊ गाण्यांत ते बेसूर दिसले असते. ते पुढच्या वाढदिवसाला.

देण्याआधी

मिक्स तयार झाल्यावर दोन दिवस बाजूला ठेवावा आणि मग एकदा सलग, मध्ये न थांबवता, शक्य तर समोरचा जिथे ऐकणार आहे तशाच जागी ऐकावा. माझ्या घरच्या हेडफोनवर निर्दोष वाटलेला मिक्स गाडीत लावला, तेव्हा ‘शिझम’चा शेवटचा घाव पडतो न पडतो तोच संचाने पहिले गाणे आपोआप पुन्हा सुरू केले. शेवटच्या फाइलच्या अखेरीस मी दहा सेकंदांची शांतता जोडली, आणि मगच पेन ड्राइव्ह पाकिटात घातला.